मामाजींचं हिंगण

माझे सासरे, म्हणजे मामाजी, एसटीत ड्रायव्हर होते. जळगाव जामोदहून निघायचं, पूर्णेचा पूल ओलांडून नांदुरा, मग मोताळा, मग राजूरचा घाट चढून बुलढाणा. त्यांची सगळी नोकरी याच रस्त्यावर झाली. प्रवाशांना रस्ता थांब्यांनी लक्षात राहतो, मामाजींना तो झुडपांनी लक्षात होता. कुठल्या नाल्याच्या काठाला हिंगणाचं झाड आहे, कुठल्या पडीक रानात धमासा उगवतो, घाटातल्या कुठल्या वळणावर रुई माजली आहे, हे ते डोळे मिटून सांगत. गाडी चालवताना डोळे उघडे होते यावर माझा विश्वास आहे. आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, नव्हता.

माझं माहेर साखरखेर्ड्याचं. लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याशी आले तेव्हा माझं 'मला-तुला' ऐकून 'मले-तुले' म्हणणाऱ्या इथल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. त्यात माझा विषय मायक्रोबायॉलॉजी. मामाजींनी त्याचं भाषांतर करून टाकलं, ‘जंतूची मास्तरीण’. तालुक्याच्या कॉलेजात मी शिकवायला लागले आणि गावभर तेच नाव झालं.

पहिल्याच उन्हाळ्यात मला ताप आला. मामाजी रानातून काटेरी धमासा घेऊन आले, उकळला आणि पेलाभर काढा माझ्यापुढे ठेवला. धमासा हे हातभर उंचीचं, बारीक काट्यांचं, जांभळट फुलांचं झुडूप. उन्हानं सगळं रान करपतं तेव्हा हे मात्र हिरवं राहतं. त्याचा काढा इतका कडू की पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

“कडू हाय ना?” मामाजी खूश होऊन म्हणाले. “मंग जंतूले काय वाटत असंन!”

दोन दिवसांनी ताप उतरला. मी मनात म्हटलं, हा ताप तसाही दोन दिवसांचाच होता. पण नव्या सुनेनं सगळंच मनातलं बोलायचं नसतं. मामाजींच्या हिशेबी धमासा एक नंबर आणि हिंगण त्याहून एक नंबर. खरूज, गळू, केसांतला कोंडा, जखम, खोकला, सगळ्याला हिंगण. हिंगणाच्या पिवळट फळाचा गर पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो. पूर्वी त्यानं कपडेही धुवायचे. मामाजी त्यानं अंघोळही करत आणि मग दिवसभर त्यांच्या अंगाला एक आंबूस वास येई. त्याला ते ‘आरोग्याचा वास’ म्हणत.

काही वर्षांपूर्वी कॉलेजात एक चर्चासत्र ठरलं. विषय होता कोरड्या आणि वाळवंटी प्रदेशातल्या औषधी वनस्पती. प्राध्यापकांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे वाळवंट कुठंय? घरी येऊन मी हे सांगितलं तर मामाजी भडकले.

“त्याईले म्हणा, मे महिन्यात दुपारी खारपट्ट्यात येजा. उंट तेवढा नाई, बाकी सारं हाय.”

खारपट्टा म्हणजे पूर्णाकाठचा आमचा भाग. पाणी खारट, माती काळी, आणि उन्हाळ्यात जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा. तिथं जे झाड टिकतं ते हट्टीच असतं. मी ठरवलं की एमएस्सीच्या दोन मुलींना घेऊन अशा झाडांचा अभ्यास करायचा. त्यांत कोणती रसायनं आहेत आणि ती जंतूंना मारतात का, हे बघायचं. झाडं आणायला मामाजींपेक्षा चांगला माणूस कुठं मिळणार होता? मी विचारलं आणि तिथंच फसले. कारण त्या क्षणापासून तो प्रकल्प माझा राहिला नाही.

मामाजींनी एक जीप मिळवली, स्वतः चालवायला बसले आणि शेजारच्या सीटवर आपला जुना कंडक्टर घेतला. हे काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. दोघांनी अर्धं आयुष्य एका गाडीत काढलेलं. निवृत्तीनंतरही मामाजी काही बोलले की आधी काकांकडे बघत, जणू घंटी वाजल्याशिवाय वाक्य पुढे न्यायचं नाही. काकांना साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याला बूट चावून जखम झाली होती, त्यावर पट्टी होती. ती बदलायला ते एक दिवसाआड तालुक्याच्या दवाखान्यात जात.

“काका, तुम्ही कशाला आलात रानात?” मी म्हटलं.

“मी उतरत नाई ना माय. मी सीटवरूनच पाह्यतो. हा ड्रायव्हर एकटा असला तं रस्ता सोडून झाडात गाडी घालते.”

मामाजी प्रवासी गाडी चालवल्यासारखेच चालवत होते. मुलींना मधे पाणी प्यायला थांबायचं होतं तर म्हणाले, “अठी स्टॉप नाई.” मात्र हिंगण दिसलं की भर रस्त्यात ब्रेक. हिंगणाचे काटे बोटभर लांब. पहिल्याच झाडानं मामाजींच्या शर्टाची बाही फाडली. मुलींनी हातमोजे घातले होते, मामाजींना ते द्यायला गेल्या तर त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मुलींनी मोजे परत खिशात घातले. थोड्या वेळानं मामाजींचं बोट रक्ताळलं तेव्हा ते आमच्याकडे पाठ करून बोट चोखत उभे होते.

हिंगणाची फळं, बाभळीची साल, धमासा आणि रुईची पानं, एवढं घेऊन आम्ही परतलो. रुईबद्दल मात्र ते गंभीर होते. मुलींना म्हणाले, “हिचं दूध डोळ्यात गेलं तं आंधळे व्हसान. हात धुतल्याबिगर डोळ्याले लावू नोका.” ते अगदी बरोबर होतं. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी रसायनं असतात, हे मी मुलींना वहीत लिहायला सांगितलं.

झाडं सावलीत वाळवायची होती. आत्याबाईंच्या पडवीत तेव्हा कुरड्या वाळत होत्या. एका बाजूला कुरड्या आणि एका बाजूला काटे, मधे जुन्या साडीची सीमा. शेजारची बकरी एक दिवस आत शिरली. तिनं कुरड्यांना तोंड लावलं नाही, धमासा मात्र निम्मा खाल्ला.

“पाहा, बकरीलेबी कळते औषध,” मामाजी म्हणाले.

“बकरीनं काल माहा पोतेरा खाल्ला,” आत्याबाई म्हणाल्या. “तोबी औषधच होता म्हणा.”

वाळलेल्या झाडांची पूड झाली आणि प्रयोगशाळेचा दिवस आला. मामाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी करून कॉलेजात हजर. एखाद्याचा मुलगा परीक्षेला बसतो आणि बाप फाटकाशी उभा राहतो तसे ते दिसत होते. पहिल्यांदा सोप्या रासायनिक चाचण्या. हिंगणाचा अर्क नळीत घेऊन मुलीनं जोरात हलवला. फेस वर आला आणि बराच वेळ तसाच राहिला.

“याला सॅपोनिन म्हणतात,” मी सांगितलं. “साबणासारखं काम करणारं रसायन.”

“मी तं तीस वर्षं झाले अंघोळीले सॅपोनिनच वापरून राह्यलो,” मामाजी मुलींना म्हणाले. त्या दिवशी दिवसभर ते हिंगणाला हिंगण म्हणेनात, सॅपोनिनच म्हणत.

बाभळीच्या सालीच्या अर्कात लोहाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले आणि तो शाईसारखा काळानिळा झाला. ते टॅनिन. चहा तोंडात तुरट लागतो तो यामुळंच. धमाशाच्या अर्कात अल्कली घातल्यावर पिवळा रंग गडद झाला आणि आम्ल घातल्यावर तो उतरला. ते फ्लॅव्होनॉइड. मामाजी प्रत्येक रंगाला मान डोलवत होते. बाभूळ काळीनिळी झाली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, नासली.

मग जंतू. गोल काचेच्या ताटलीत जेलीसारखं अन्न ओतायचं, त्यावर जंतू पसरायचे, जेलीत छोटे खड्डे पाडायचे आणि त्यात अर्क घालायचा. रात्रभर अंगाइतक्या उबेत ठेवलं की जंतू सायीसारखे दाट वाढतात. अर्कानं ते मेले तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल पडतो. पहिली फेरी आम्ही मुलींचा हात बसावा म्हणून केली होती. अर्क अल्कोहोलमधला होता आणि ते उडवून टाकलं नव्हतं. म्हणून एका वेगळ्या ताटलीत नुसतं अल्कोहोलही ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी माझ्या आधी कॉलेजात पोचले. मुलींनी हिंगणाची ताटली उजेडाला धरली. खड्ड्याभोवती काचेसारखा लख्ख गोल.

“हे काय व?” मामाजींनी विचारलं.

“आबाजी, इथले जंतू मेले,” मुलगी म्हणाली. बिचारी खोटं बोलली नव्हती.

मी वर्गावरून येईपर्यंत मामाजी ही बातमी सांगायला बसस्टँडवर पोचले होते. मी अल्कोहोलची ताटली काढली. तिच्यातही गोल होता, तसाच, तेवढाच. धमाशाभोवती तोच, रुईभोवती तोच. जंतू अल्कोहोलनं मारले होते. हिंगणानं काही केलं होतं की नाही, ते या फेरीत कळायला मार्गच नव्हता.

संध्याकाळी घरी आले तर पडवीत माणसं. कुणाच्या पोराच्या डोक्यात गळू, कुणाची टाच भेगाळलेली. मामाजी मधे बसून वाट्या वाट्यांनी हिंगणाचा गर वाटत होते. “कॉलेजात पास झालेलं हाय,” असं प्रत्येकाला सांगत होते. मी माणसांना हसत हसत घरी पाठवलं आणि चहा घेऊन मामाजींसमोर बसले.

“मामाजी, कंट्रोलमधेही तसाच गोल आला.”

“कंट्रोलमंधी काय आलं?” आतून आत्याबाईंनी विचारलं. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. “गहू आला अशीन तं पिशवी घेऊन जा म्हणा.”

मी समजावलं. औषध घातलं आणि काही घडलं तर ते औषधानंच घडलं हे कशावरून? म्हणून एक ताटली औषधाशिवाय ठेवायची, बाकी सगळं तेच. ती कंट्रोल. मामाजींना हे चटकन समजलं. समजलं म्हणूनच ते उठून बाहेर गेले आणि रात्री जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. आत्याबाई मात्र खूप बोलल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाती असं काही लागलंच नव्हतं.

मला वाटलं, विषय मिटला. मामाजींनी गर वाटणं बंद केलं, पण वाटलेला गर परत मागायला ते काही गेले नाहीत. एखादा म्हणे, “बाबा, लय गुण आला,” तर ते नुसते खाकरत.

तीन-चार दिवसांनी मी कॉलेजला निघाले तेव्हा काका आमच्या ओट्यावर बसले होते. पायाला पट्टीच्या जागी फडकं गुंडाळलेलं.

“काका, आज ड्रेसिंगची पाळी ना?”

“आता कायचं ड्रेसिंग माय? तुह्या कॉलेजात पास झालेलं लावून राह्यलो ना. गोळ्याबी सोडल्या. ड्रायव्हरनं सांगतलं म्हणजे झालं.”

मी फडकं सोडलं. अंगठा सुजून लाल झाला होता, कडेला काळसर, आणि त्या वासात हिंगणाखेरीज दुसराही वास होता. मी तशीच मागे फिरले आणि मामाजींना हाक मारली.

मामाजी आले. पाय पाहिला. काकांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, “चाल बे, दवाखान्यात.”

“काऊन? औषध तं चालू हाय.”

“ते औषध नापास झालं.”

“कधी?”

“त्याच दिवशी.”

काका त्यांच्याकडे वळले. “अन् मले आज सांगून राह्यला?”

मामाजींनी मान खाली घातली. आमच्या घरात ते मी पहिल्यांदा पाहिलं. मी ऑटो बोलावली, आणि त्या ऑटोत दोघंही एकमेकांशी एक शब्द न बोलता बसले. दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. पाय बघून काकांवर ओरडली. गोळ्या सोडल्यात, साखर एवढी चढली आहे, पाय गमवायचाय का? मामाजी पुढे झाले.

“बाई, त्याले बोलू नोका. मी सांगतलं होतं त्याले. मले बोला.”

मग तिनं त्यांनाही बोलून घेतलं. मामाजी उभ्यानं सगळं ऐकत राहिले.

काकांना काही दिवस दाखल करावं लागलं. जखम साफ केली, सलाइन, जंतू मारणारी इंजेक्शनं, इन्सुलिन. एका संध्याकाळी डॉक्टरीण म्हणाली की अंगठा जाऊ शकतो. त्या दिवशी मामाजी घरी आले आणि फळांचं पोतं उचलून उकिरड्यावर टाकून आले. आत्याबाईंनी फक्त ताट वाढलं.

अंगठा वाचला. नख गेलं, आणि जखम भरायला पावसाळा लागला. दर ड्रेसिंगला मामाजी काकांना मोटारसायकलवर मागे बसवून नेत. दोघांचा अबोला किती टिकला ते मला नक्की माहीत नाही. एकदा रस्त्यात ते माझ्या बाजूनं गेले तेव्हा काका मागून ओरडत होते, “हळू चालव बे, मागं पेशंट हाय.” त्यावरून मी समजले.

काका दवाखान्यात असतानाच मामाजींनी आणखी एक काम केलं. ज्या ज्या घरी गर दिला होता त्या घरी ते स्वतः गेले. दारात जयभीम झाला की बसायचं, पाणी प्यायचं आणि सांगायचं, “ते हिंगण नापास झालं. जखमेले लावू नोका. दवाखान्यात जा.” एका म्हातारीनं त्यांना वर धीर दिला, “नापास तं माहा नातूबी झाला होता. ऑक्टोबरले बसला, निघाला.”

हे त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. तोंड गंभीर, पण नजर माझ्यावर. मला कळलं की त्यांना विचारायचं आहे आणि विचारता येत नाही. मीच म्हटलं, “दुसरी फेरी करायचीच आहे, मामाजी. या वेळी अर्क पूर्ण वाळवून.”

“मी येणार नाई,” ते म्हणाले. “तूच पाहा.”

ते आले. पण या वेळी दारातच बसून राहिले. मुलींनी ताटल्या टेबलावर मांडल्या, कंट्रोल सगळ्यांत आधी. तिच्यातल्या खड्ड्याभोवती काही नाही, सगळीकडे दाट साय. मग मी एकेक ताटली वाचली. बाभळीच्या सालीभोवती नीट दिसणारा गोल, दोन प्रकारच्या जंतूंपैकी एकावर. धमाशाभोवती पुसट कडं, आहे म्हटलं तर आहे. रुईभोवती फारसं नाही. हिंगणाभोवती काहीच नाही. जंतू खड्ड्याच्या काठापर्यंत येऊन आरामात बसले होते. शेवटची ताटली दुकानातल्या प्रतिजैविकाची होती. त्याचा गोल एवढा मोठा की मामाजी दारातून उठून जवळ आले.

“हा कोण?”

“हे काकांना दवाखान्यात दिलं तसलं औषध.”

त्यांनी ती ताटली उजेडाला धरून पाहिली. मग हिंगणाची ताटली उचलून म्हणाले, “पण फेस तं याचाच जास्त होता.”

“फेस याचाच जास्त,” मी म्हटलं. ते खरंच होतं. मी हेही सांगितलं की हिंगणाचं सॅपोनिन दुसऱ्या एखाद्या जंतूवर किंवा बुरशीवर चालत असेल, एका प्रयोगानं झाड वाया जात नाही. आणि ताटलीत गोल पडला म्हणून ते माणसाच्या जखमेत चालेलच असंही नाही. बाभळीलासुद्धा ते लागू आहे. त्यांनी पहिलं वाक्य नीट ऐकलं, दुसरं ऐकलं की नाही शंका आहे.

चर्चासत्रात मुलींनी भित्तिपत्रक लावलं. मामाजी इस्त्रीच्या शर्टात शेजारी उभे होते. बाहेरगावचे एक प्राध्यापक दुसऱ्या कुणाचं तरी भित्तिपत्रक बघत होते, तिथं एका झाडानं सगळेच जंतू मारले होते. मामाजी मागून गेले आणि नम्रपणे म्हणाले, “साहेब, याचं कंट्रोल कोठी हाय?” ते भित्तिपत्रक ज्यांचं होतं त्यांना मी त्या दिवशी दिवसभर टाळलं.

आता घरी बाभळीचं राज्य आहे. पास झाल्यापासून मामाजी रोज सकाळी दात घासायला बाभळीची कोवळी काडी मोडून आणतात. नातवंडांना देतात, पाहुण्यांना देतात, काकांना तर दोन देतात. परवा आत्याबाई चूल सारवता सारवता त्यांच्याकडे बघत होत्या. मामाजी ओट्यावर बसून काडी इकडून तिकडे फिरवत होते, चावायला जागा शोधत. त्यांच्या तोंडात आता खालचे काही आणि वरचा एक, एवढेच दात आहेत.

“निकाल लय उशिरा लागला व,” आत्याबाई मला म्हणाल्या.

मामाजींनी ऐकलं. काडी बाजूला काढून म्हणाले, “वरचा कंट्रोल हाय. त्याले लावतच नाई मी.”